ढिले बोल्ट

जावई हात धुवायला नळावर गेला, तसे भास्करराव जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरले. चाकांच्या दांड्यांना धक्के शोषणाऱ्या झिजलेल्या बुशांच्या जागी जावयाने नवे रबरी बुश बसवले होते, पण त्यांचे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. उद्या याच गाडीतून लेक घाट उतरणार होती. या माणसावर त्यांचा पहिल्यापासून भरवसा नव्हता. त्यांनी पाना घेतला आणि सगळे बोल्ट करकचून आवळले.

चहा झाल्यावर जावयाने गाडी चाकांवर उतरवली, बोल्टला पाना लावला आणि थबकला.

“हे आवळले कुणी? गाडी टेकल्यावरच आवळायचे असतात. आधी आवळले की वजन पडल्यावर रबर पिळून फाटतं.”

“मला काय विचारता, जावईबापू?”

जावयाने सासऱ्यांच्या हातातल्या पांढऱ्या कपाकडे पाहिलं. त्यावर ग्रीसची काळी बोटं उमटली होती.

त्याने बोल्ट सैल केले आणि पाना त्यांच्यापुढे धरला.

“आता आवळा.”