दौंडची तातडीची तार

पोपटरावांनी कुऱ्हाड टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी तारेचा फॉर्म सरकवला.

"दौंडला धाड. आत्ताच्या आत्ता."

तारबाबू चांगदेवने फॉर्म वाचला. शिरूर, ९ मार्च ७४. बबन ओव्हाळ, रेल्वे कॉलनी, दौंड. आई अत्यवस्थ. आज संध्याकाळीच निघ. खाली पाठवणाऱ्याचं नाव, शेजारी.

निमोण्याच्या अलीकडच्या वाडीत बौद्धांची सात घरं जाळली, तेव्हा जाळणाऱ्यांना ओळखणारा एकटा बबन. सोमवारी पुण्याच्या कोर्टात त्याची साक्ष होती. तोवर तो दौंडहून हलणार नव्हता, आणि पोपटरावांना तो आजच शिरूरच्या स्टँडवर हवा होता.

"बबनची आई सरूबाई सकाळीच बाजारात मेथी इकत होती," चांगदेव म्हणाला. "धडधाकट हाय."

पोपटरावांनी कानशिलात दिली. चष्मा उडून भिंतीवर फुटला. पोस्टमास्तर जेवायला गेले होते, आणि दारात आडवी लावलेली जीप पाहिल्यावर ते परत येतील ही आशा खुळी होती.

चांगदेव मुकाट्याने यंत्रापाशी बसला. कट्ट, कडकट्ट. पत्ता गेला. दौंडने तो घेतला. पुढच्याच ठोक्याला पोपटरावांचा पुतण्या म्हस्कूने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. म्हस्कू दहा वर्षं मिलिट्रीत सिग्नलला होता. चांगदेव बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार!

"आप्पा, पयलंच अक्षर भलतं हाय. ह्यो दुसरंच कायतरी पाठवतोय."

म्हस्कूने त्याचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला. पोपटरावांनी कुऱ्हाड उलटी करून तीन घाव घातले. बोटं पहिल्याच घावात गेली. उरलेले दोन निव्वळ माजाचे होते.

म्हस्कूने चांगदेवला खाली लोटलं, बाहीने यंत्रावरचं रक्त पुसलं आणि उरलेली तार स्वतः पाठवली. अगदी सफाईने, एक अक्षर न चुकता. चांगदेव जमिनीवर पडून ऐकत होता आणि रडत होता. हातासाठी नाही. संध्याकाळच्या एसटीतून उतरणारा बबन त्याला दिसत होता.

तार मिळाली की पलीकडचा माणूस लगेच पोच देतो. दौंड गप्प राहिलं.

रोज तारेवर बोलणारी माणसं नुसत्या ठोक्यांवरून एकमेकांना ओळखतात. दौंडच्या तारबाबूने अकरा वर्षं शिरूरहून चांगदेवलाच ऐकलं होतं, आणि आज अर्ध्यातच कुणी परका बोलू लागला होता.

मग यंत्र वाजलं. म्हस्कूचा चेहरा उतरला.

"मिळाली का?" पोपटराव म्हणाले. "काय म्हणतंय त्ये?"

यंत्र पुन्हा तेच वाजलं, आता घाईघाईने.

"आरं, बोल की!"

"आप्पा, त्यो इचारतोय," म्हस्कू म्हणाला, "चांगदेवला काय केलंत?"