पाच जण, एक खुर्ची

शाळेने पोरीच्या पालकांना बोलावलं, म्हणून आम्ही वस्तीतले पाच जण पोरीला घेऊन गेलो. बाईंच्या टेबलासमोर खुर्ची एकच. “यात आईवडील कोण?” त्यांनी विचारलं. “दोघंही कामावर. मी शेजारची मावशी, वाचन घेते. हे ड्रायव्हरकाका, गणित शिकवतात. ही नर्सताई, विज्ञान. उरलेले दोघे आळीपाळीने दटावतात.” बाई हसल्या नाहीत. “तुमची घरची भाषा वेगळी. तुमच्याकडची मुलं मागेच पडतात. सोप्या गटात टाकू हिला. पोरीचा जीव कशाला खायचा?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी आवाज चढवला नाही. “जीव आम्ही वर्षभर रोज संध्याकाळी खातोय, बाई. काय उरलंय ते एक पेपर घेऊन तरी बघा.” बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. आमच्यातलं कुणीच बसलं नाही. पोरगीच खुर्ची टेबलाशी ओढून ऐसपैस बसली आणि म्हणाली, “पेपर अवघड गटाचाच द्या हं, बाई.”