धाकटीचं घर

खिडकीतून अंगण पाहिलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तीन प्रशस्त खोल्या, पुढे व्हरांडा, मागे दाट सावली, केरवारा करायला बाई. आणि हे सगळं निम्म्या पेन्शनीत.

"आवडलं का?" धाकटीनं चहाचा कप पुढे केला.

"ठीक आहे," थोरली म्हणाली. "जरा आडबाजूला वाटतं."

दोघी जुळ्या. थोरली सात मिनिटांनी मोठी. पण ती सात मिनिटं सोडली तर धाकटीपेक्षा जास्त असं आपल्याला काहीच मिळालं नाही, अशी तिची पक्की खात्री होती. धाकटी इस्पितळात मेट्रन झाली, थोरली शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परीक्षानळ्या विसळत राहिली. धाकटीनं लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाची बोलणी खाल्ली नाहीत. निवृत्त झाली ती आफ्रिकेतल्या या स्वस्त देशात येऊन राणीसारखी राहिली. आणि थोरली मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या दिवाणावर, टीव्ही कधी बंद होतो याची वाट बघत.

म्हणून ती पंधरा दिवसांसाठी बघायला आली होती. जमलं तर इथंच राहायचं. बोलावणं धाकटीचं, तिकीटही तिनंच पाठवलेलं. "केस रंगवू नकोस, आहेस तशी ये," एवढंच तिनं बजावलं होतं. विमानतळावर बघते तर हिचेही केस तसेच पांढरे, तसेच आखूड. दोघींना शेजारी उभं बघून शिपाईसुद्धा हसला होता.

सहाच्या ठोक्याला फाटकाशी सायकलची घंटा वाजली. वही घेतलेला एक माणूस आत आला, धाकटीकडे बघून वहीत खूण केली आणि गेला.

"हा कोण?"

"हजेरीवाला. रोज येतो. सहाला घरात असावंच लागतं." धाकटी गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. "फोन सरकारी कचेरीतूनच करायचा. दहा मिनिटं, शेजारी कारकून बसतो. रस्त्यात फोटो काढायचे नाहीत. आणि एकदा राहायचा परवाना घेतला की दहा वर्षं देश सोडता येत नाही. आपला पासपोर्ट त्यांच्याच कपाटात."

"मग काय बिघडलं?" थोरली म्हणाली. "मीही सहाच्या आत घरात असते. फक्त तिथं माझी हजेरी कुणी घेत नाही."

धाकटी हसली नाही.

पुढचे दिवस थोरली घर निरखत होती आणि धाकटी तिला प्रश्न विचारत होती. सून चिडली की तू काय करतेस? मुलगा किती वाजता घरी येतो? नातीला काय म्हणून हाक मारतेस? चष्मा कुठे ठेवतेस? थोरलीला रागच यायचा. एवढं सगळं पदरात असून हिला माझ्या दिवाणाच्या चौकशा कशाला? पण ती सांगायची, वर चार गोष्टी रंगवून सांगायची. नात माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही, म्हणायची. ते ऐकलं की धाकटीचा चेहरा उतरायचा. थोरलीला तेवढंच बरं वाटायचं.

अकराव्या दिवशी व्हरांड्यात बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, "ठरलं. मी इथं राहणार. आणि खरं सांगू? मला हेच घर हवं."

धाकटी तिच्याकडे वळली. "नीट विचार कर, ताई. दहा वर्षं आहेत."

"मी आलेली तुला नकोय, असं सरळ सांग ना! लहानपणापासून बघतेय. चांगलं ते सगळं तुला एकटीला पाहिजे."

धाकटीचे डोळे भरून आले. "नाही गं. एकदा विचारायचं होतं, इतकंच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तयार झाली. "तुझा अर्ज कचेरीत देऊन येते. पासपोर्ट दे, परतीचं तिकीटही दे, रद्द करून टाकते. आणि तुझा स्वेटर घालते, बाहेर गारठा आहे."

"मीही येते की."

"तू कशाला रांगेत ताटकळतेस? मालकिणीसारखी राहून बघ एक दिवस."

दाराशी तिनं थोरलीला घट्ट मिठी मारली. असलं काही या दोघींमध्ये कधी नव्हतं. थोरली अवघडली, पण मनातून सुखावलीही.

तो दिवस तिनं मजेत घालवला. खुर्ची हलवून खिडकीशी आणली. पडद्यांची मापं घेतली. कपाटातली भांडी आपल्या सोयीनं लावली. दुपारी मोठ्या पलंगावर हातपाय पसरून झोपली. टीव्ही नाही, सून नाही. संध्याकाळ झाली तरी धाकटीचा पत्ता नव्हता. बसली असेल कुणाशी गप्पा छाटत, तिला काय, इथंही ओळखी झाल्या असतील, असं म्हणत तिनं आपल्यापुरता चहा टाकला.

सहाला घंटा वाजली. थोरली लगबगीनं फाटकाशी गेली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली, "ती अजून आली नाही. तुमच्याच कचेरीत गेलीय. मी तिची बहीण, पाहुणी."

हजेरीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, वहीत धाकटीच्या नावापुढे खूण केली आणि अगदी मायेनं म्हणाला, "तुमच्या बहिणीला दुपारच्या विमानात मीच बसवून दिलं, बाई. फार रडत होत्या. म्हणाल्या, मी गेले की माझी बहीण स्वतःलाच पाहुणी समजायला लागेल, तेवढं सांभाळून घ्या."