जरा प्रेमानं बोला

“मावशी, पुन्हा एकदा. आणि जरा प्रेमानं बोला,” हेडफोनवाली म्हणाली.

मावशींनी कपाळावर हात मारला. रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, दवाखान्याची ही एवढीशी खोली, आणि वर म्हणे प्रेमानं! वस्तीतल्या साखरेच्या पेशंटना मोबाइलवर डोळ्यांच्या तपासणीची आठवण करून द्यायची, तर आवाज वस्तीतल्याच माणसाचा हवा, असं बैठकीत ठरलं होतं. सगळ्यांनी मावशींकडे बोट दाखवलं. त्यांनी हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा घरी जातात.

त्यांनी कागद पुन्हा समोर धरला. “आपली दृष्टिपटलाची वार्षिक तपासणी प्रलंबित आहे. कृपया नजीकच्या...” आणि कागद टेबलावर आपटला. “अगं, असं घरात कोण कुणाशी बोलतं? हे ऐकून माझा नवरासुद्धा फोन कट करील.”

“तसाही मी तुझा फोन कटच करतो,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नवरा म्हणाला. किल्ल्या बनवायचं दुकान बंद करायला लावून मावशींनी त्याला ओढून आणलं होतं, ते तपासणीसाठीच. मशीन शेजारच्या खोलीत होतं. पण हा बाबा खुर्चीला चिकटला तो चिकटलाच.

“काका, साखर जुनी आहे ना तुमची? आलाच आहात तर करून घ्या की,” हेडफोनवाली म्हणाली.

“मला काय धाड भरलीय? लख्ख दिसतंय मला.”

मावशींचं डोकंच फिरलं. “चालू कर गं तुझं ते!”

हेडफोनवालीनं बटण दाबलं आणि ऐकायला डोळे मिटून घेतले.

“अहो, ऐका. लख्ख दिसतंय ना? मग तुमच्या किल्ल्या परत का येतात? कुलपात बसत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं माझ्या हातात आणून टाकतात. तुम्ही जेवायला गेलात की मी गपचूप दुसऱ्या दुकानातून करून आणते. बोलले नाही, कारण बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतंत. ही साखर डोळा आतून पोखरते. दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मला भीती वाटते हो. तुम्ही रस्ता ओलांडायला लागलात की जीव मुठीत धरून बघत असते मी. फुकट आहे, सुई नाही, काही नाही. उठा, आणि जा.”

हेडफोनवालीनं डोळे उघडले. “मावशी, कसलं बोललात! पण पुन्हा घ्यावं लागेल. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आलाय.”

मावशी शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

“राहू दे तो,” त्या म्हणाल्या. “हे उठले, त्याचा आहे.”