रिकामं विमान
पडद्यावरचा इंधनाचा काटा लाल पट्टीच्या केसभर वर होता. हवाई लढाईच्या त्या खेळात बाबा आणि भावेश एकाच बाजूचे वैमानिक होते. बाबा पनवेलच्या कोळीवाड्यातले तांडेल, होडीचे प्रमुख. मासळीशिवाय त्यांनी होडी कधी वळवली नव्हती, म्हणून शत्रूचं एखादं तरी विमान पाडल्याशिवाय ते इथेही परतत नसत आणि दर खेपेला इंधन संपून समुद्रात पडत. भावेशने मला मागणी घातली, त्याला वर्ष होत आलं होतं. दर रविवारी तो बाबांचं उत्तर घ्यायला येई आणि खेळात त्यांच्या मागोमाग बुडून घरी जाई. आज मात्र त्याने विमान वळवलं. "काका, मी तळावर चाललो." "रिकामा? तांडेलाला सोडून?" "हो. मला अजून लग्न करायचंय." बाबांचं विमान बुडालं, भावेशचं अलगद धावपट्टीवर उतरलं. बाबा उसळले, "एक पन इमान नाय पाडला, आन् पलून आला! असल्या भित्र्याला पोर देऊ?" कोलंबी सोलणाऱ्या आईने मानही वर केली नाही. "जल्म गेला माजा धक्क्यावर उभी ऱ्हाऊन. होडी आली का मी आदी मासली बघते, का तुमाला?"  माऊसवरचा हात काढून बाबांनी बराच वेळ लुंगीला पुसला. मग भावेशकडे न बघताच म्हणाले, "आईला सांग तुज्या. माघात लगीन लावू."