एकट्याची लाईन

"पोरगी एकटीच बसणार का?" तिकीटवाल्यानं विचारलं.

"एकटीच," थावरा म्हणाला. "मला तर खाटंवर उभं राहिलं तरी चक्कर येते."

शितल खुदकन हसली. आठ वर्षांची नात, दोन वेण्या, हातात तिकीट घट्ट धरलेलं.

बाळापूरच्या जत्रेत गुलाबचंदच्या पाळण्याला दोन लायनी होत्या. एक घरच्यांची, एक एकट्याची. एका डब्यात दोघं बसायचे. तिघांचं घर आलं की एक जागा रिकामी जायची, आणि रिकामी जागा बघितली की गुलाबचंदच्या पोटात दुखायचं. मग तो एकट्याच्या लायनीतलं माणूस उचलून तिथं बसवायचा. ती लाईन भराभर सरकायची.

पण दुपारपर्यंत ही गोम सगळ्या जत्रेला कळाली. बाप एकीकडं, माय दुसरीकडं, लेकरू तिसरीकडं. घरंच्या घरं फुटून एकट्याच्या लायनीत घुसली. चार वाजले तरी शितलच्या पुढं चौदा जण.

तांड्याकडं जाणारी शेवटची जीप पाचला होती. उद्या सकाळी शितल वसतिगृहात जाणार, ती थेट दिवाळीला परत येणार. पाळण्यात बसवतो म्हणून थावरानं आठ दिवस तिला भुलवलं होतं.

"आबा, नंबर लागंल ना?"

"लागतो का न्हाई बघ," थावरानं डोळा मारला.

एस.टी.त जागा नसली की हा माणूस पिशवीकडं बोट दाखवून हळूच विचारायचा, "साप निसटला तर न्हाई ना?" पाच मिनिटात आख्खं बाकडं रिकामं.

त्यानं पुढच्या ढेरपोट्या माणसाच्या कानाला तोंड लावलं. "पाव्हणे, कुठले?"

"जवळा बाजारचा. तातेराव. काहून?"

"काही न्हाई. मधल्या दांडीचा आवाज ऐकून राहिलो. नट ढिले वाटायलेत. मी काही बोललो न्हाई बरं का, उगं त्याच्या धंद्याला तकलीफ नको."

तातेरावानं वर बघितलं. पाळणा कुरकुरला. जुना पाळणा कुरकुरतोच. पण तातेरावाचं तोंड उतरलं. त्यानं पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. कुणाला एकदम तहान लागली, कुणाला फोन आला. लाईन अशी झडली की शितल धावतच फाटकापाशी गेली.

गुलाबचंदनं तिला एका बाईशेजारी बसवलं, पुढची दांडी लावली. डबा वर गेला. शितल दोन्ही हात हलवत होती. थावरा खाली उभा राहून एकटाच हसत होता.

तेवढ्यात तातेराव बोंबलत आला. "थांबव! ए, पाळणा थांबव! माझी बायको न् पोरगं दुसऱ्या लायनीतून वर गेलेत! नट ढिले हायत!"

गुलाबचंदनं मोटार बंद केली. पाळणा जागच्या जागी थांबला. शितलचा डबा बराबर सगळ्यात वर.

"कोण म्हणलं ढिले हायत?"

"सगळी लाईन म्हणून राहिली!"

गर्दी जमली. गुलाबचंदनं फिटरला हाक मारली. "कोंडीबा, वर चढ. बघ जरा." कोंडीबा कमरेला पाना खोचून मागच्या शिडीनं वर गेला.

थावरानं मान खाली घातली. दोन मिनिटात होईल, असं मनाशी म्हणला. दोनाची दहा झाली. वरची लेकरं रडायला लागली.

"आबाऽऽ! मला खाली घ्या!"

थावरानं वर बघितलं. शितल डब्यात उभी राहिली होती. शेजारची बाई डोळे मिटून बसलेली. पोरीनं एक पाय दांडीच्या बाहेर काढला होता.

"शितल! बस! बस खाली!"

"मी उतरते आबा!"

थावरा गुलाबचंदच्या अंगावरच गेला. "मालक, चालू करा! नट घट्ट हायत. मी खोटं बोललो!"

"काय?"

"लाईन कमी व्हावी म्हणून बोललो. पोरीचा नंबर लागत नव्हता."

तातेरावानं त्याची गचांडी धरली. "आता पोरगी अडकली तवा पलटतो का रे? माझं लेकरू हाय वर!"

"मारा मला. नंतर मारा. पण आधी ती खाली येऊ द्या."

"ह्याचं कोणतं खरं धरायचं?" गर्दीतून कुणीतरी म्हणलं.

थावरानं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. आयुष्यात त्यानं हजार थापा मारल्या होत्या, पण आण कधी घेतली नव्हती.

"माझ्या शितलच्या गळ्याची आण. पाळण्याला काही झालं न्हाई."

तातेरावाचा हात आपोआप सुटला. लेकराच्या गळ्याची आण घेतल्यावर कोण काय बोलणार?

गुलाबचंदनं मागं नजर टाकली. कोंडीबा शिडीवरून उतरून तंबूकडं चालला होता, म्हणजे बघून झालं होतं.

"तुझ्या तर..." गुलाबचंदनं थावराला एक सणसणीत शिवी हासडली आणि खटका दाबला.

मोटार घुमली. पाळणा हलला तशी शितल धपकन खाली बसली, दांडी धरली. एक फेरा झाला. दुसऱ्याला ती हसायला लागली. तातेरावाची बायको वरून त्यालाच ओरडली, "एवढी बोंब कशाला मारली हो?" गर्दी हसली. तातेरावसुद्धा हसला. पाळण्यानं जोर धरला. थावरानं पागोटं उचललं आणि त्याच्या टोकानं डोळे पुसले.

कोंडीबा तंबूतून बाहेर आला. एका हातात ग्रीसचा डबा होता. त्यानं वर बघितलं आणि डबा त्याच्या हातातून सुटला.

"मालक," तो दुसरी मूठ उघडत म्हणाला, "नट तर मी काढून आणलेत."