कंटाळवाणा भाग

कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर बसवला होता. बटण एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. एवढं शिकायला मी महिनाभर व्हिडिओ बघितले. तरी सकाळी निघतानाच बटण एकदा जास्तीचं दाबलं गेलं. मग अख्ख्या वरंध घाटात गाडी चालू असताना कॅमेरा बंद राहिला आणि गाडी थांबली की इमानेइतबारे सुरू झाला.

त्यामुळे आता एडिटिंगला माझ्याकडे एक पेट्रोलपंप, दोन लघवीचे थांबे आणि भजीच्या टपरीचं छप्पर एवढा थरारक ऐवज आहे. वळणावळणावर 'नमस्कार मित्रांनो' म्हणत केलेलं माझं निवेदन साफ गेलं. कंटाळवाणा भाग निर्दयपणे कापा, असं व्हिडिओत शिकवणारे सांगतात.

म्हणून आधी छप्पर कापायला घेतलं. तेव्हा हेल्मेट टपरीच्या टेबलावर उताणं होतं, मी हात धुवायला गेलो होतो आणि भजीवाल्या मावशी बायकोला विचारत होत्या, "कंबर मोडून घ्यायला त्यांच्या मागं कशाला बसता, ताई?"

"घरात हे दिवसभर चकार शब्द काढत नाहीत," बायको म्हणाली. "गाडीवर त्या कॅमेऱ्याशी बोलतात. मागं बसलं की सगळं ऐकू येतं."

तेवढे वीस सेकंद ठेवले, बाकी सगळं कापलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. 'नमस्कार मित्रांनो' सोडून बोलायला सुरुवात कशी करतात, ते काही केल्या आठवेना.